रडगाणे आणि गाऱ्हाणे

मराठीत 'रडगाणे' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. शोकगीत, विरहगीत, विलापिका हे शब्द वाङ्मयप्रकारांची नावे म्हणून पाठ्यपुस्तकांतून सुखाने नांदतात. रडगाणे मात्र 'गाऊ नकोस' असे बजावण्यापुरतेच उच्चारले जाते. शब्दाची फोड करून पाहिली तर त्यात निंदेचे काहीच नाही. रडणे आहे आणि गाणे आहे. मग या दोहोंचा समास होताच त्याला कमीपणा कुठून चिकटतो? शोक करणारी व्यक्ती कोण, कुठे राहणारी आणि किती शिकलेली, यावर तर तो अवलंबून नाही ना, अशी शंका येते. ही शंका आम्हाला प्रथम आली ती तुर्कस्तानातील एका संगीतप्रकाराविषयी वाचताना आणि त्यातील गाणी ऐकताना. पुढे ती आपल्याच किनाऱ्यावर येऊन थांबली.

तुर्की भाषेत याच जातीचा एक शब्द आहे, 'अराबेस्क'. मुळात तो फ्रेंच. अर्थ 'अरबी धाटणीचे'. १९६० नंतरच्या दशकांत तुर्कस्तानातील शहरांत जे दुःखाने ओथंबलेले गाणे लोकप्रिय झाले, त्याला सुशिक्षितांनी हे नाव हिणवण्यासाठी दिले. १९७५ मध्ये ओरहान गेंजेबाय यांचे 'बात्सिन बु द्युन्या' आले, गाणे म्हणून आणि त्याच नावाचा चित्रपट म्हणूनही. नावाचा अर्थ 'बुडो हे जग'. लांब दांडीच्या बाग्लामा या तंतुवाद्याचा खणखणीत बोल, एकाच स्वरावलीत एकदम उसळणारा व्हायोलिनांचा जथा, खाली दरबुक्याचा ठेका, आणि या सर्वांच्या मध्ये आपल्यावर अन्याय झाला आहे एवढेच सांगणारा पुरुषी आवाज. अन्याय कुणी केला याचा पत्ता गाणे नीट लागू देत नाही. प्रेयसी, दैव आणि जग यांच्यावर एकाच वेळी ठपका येतो. गेंजेबाय यांना स्वतःला अराबेस्क हे नाव कधीच मान्य झाले नाही, आणि त्यात नवल नाही. आपल्या कामाला कोण रडगाणे म्हणवून घेईल?

ऐकणारे कोण होते हे पाहिले की हिणवण्याचे कारणही कळते. १९५० पासून अनातोलियाच्या खेड्यांतून माणसे इस्तंबूल, अंकारा, अदाना या शहरांकडे निघाली. शहराच्या कडेला त्यांनी घरे उभारली, त्यांना 'गेजेकोंदू' म्हणत. शब्दशः 'रातोरात बसवलेले'. रात्रीत छप्पर चढले की सकाळी ते पाडणे सरकारला जड जाई, अशी त्यामागची समजूत. या वस्त्यांतून कारखान्याकडे जाणाऱ्या मिनिबसमध्ये ही गाणी वाजत, म्हणून त्यांना मिनिबसचे संगीतही म्हटले गेले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने अराबेस्कला दार बंद ठेवले. उजव्या विचाराच्या आधुनिकतावाद्यांना ते अरबी, म्हणजे मागासलेले वाटे. डाव्यांना ते दैववादी, म्हणजे कामगाराला गुंगी आणणारे वाटे. इतर कशावरही एकमत न होणाऱ्या या दोन पक्षांचे एका बाबतीत तरी जुळले होते.

या गाण्यात 'अरबी' आले कुठून, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९३४ च्या नोव्हेंबरात तुर्की सरकारने नभोवाणीवरून परंपरागत तुर्की संगीत वाजवण्यास बंदी केली. राष्ट्राने पाश्चात्त्य संगीताकडे वळावे हा हेतू. बंदी सुमारे वीस महिने टिकली. लोक पाश्चात्त्य संगीताकडे काही वळले नाहीत. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांनी काटा फिरवला आणि अरबी केंद्रे ऐकायला सुरुवात केली. पाठोपाठ इजिप्तचे चित्रपट आले, त्यांतील अब्दुल वहाब यांची गाणी आली. मार्टिन स्टोक्स यांनी १९९२ मध्ये अराबेस्कच्या वादावर एक ग्रंथ लिहिला, त्यात हा सारा प्रवास आला आहे. बंदीनेच अरबी वळण जन्माला घातले, असे म्हणणे जरा जास्तच सुबक होईल. खेड्यांतली आणि आग्नेय तुर्कस्तानातली गाणी त्या वळणापासून मुळात फार दूर नव्हती. पण सरकारी रुचीने हाकलले की श्रोता सीमेपलीकडे जातो, एवढे मात्र यातून दिसते.

आपल्याकडे हेच झाले, आणि ते करणारे गृहस्थ मराठी होते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षीच्या अखेरीस अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढची कथा सर्वांना पाठ आहे. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' काढून सरकारने तह केला. त्याआधी, १९४० मध्ये, याच आकाशवाणीने हार्मोनियमला विदेशी ठरवून बाहेर ठेवले होते आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली. दशावताराच्या रंगमंचावर जी पेटी रात्रभर वाजते, ती सरकारी कानाला तीस वर्षे परकी होती.

चित्रपटगीताच्या जागी आकाशवाणीने 'सुगम संगीत' जोपासले. मराठी भावगीताला या धोरणाचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला सुरू झालेले 'गीतरामायण' हे त्या काळाचे वैभव आहे. त्यावर वाढलेल्या पिढीला केसकरांविषयी फार कठोर होता येत नाही. पण सुगम म्हणजे काय, याचा विचार आपण सहसा करत नाही. शब्द स्वच्छ, चाल रागाच्या ओळखीची, आवाज सोज्वळ, आणि दुःख असलेच तर ते संध्याकाळचे, तारकांचे, न आलेल्या पत्राचे. भाडे थकल्याचे नव्हे.

गंमत अशी की ज्या चित्रपटसंगीताला दिल्लीत मज्जाव झाला, ते तुर्कस्तानात जाऊन पोचले होते. राज कपूर यांचा 'आवारा' (१९५१) पन्नाशीच्या मध्यास तेथे लागला आणि अफाट चालला. १९६४ मध्ये त्याची तुर्की आवृत्तीही निघाली. शहरात एकट्या पडलेल्या, नशिबाने फटकारलेल्या आणि तरी गाणाऱ्या तरुणाची ही मूर्ती पुढे अराबेस्क चित्रपटांत वारंवार दिसते. थेट अनुकरण म्हणणे धाडसाचे होईल. पण दोन्हीकडच्या वाद्यवृंदांतले एकसुरात उसळणारे व्हायोलिन ऐकले की नाते जाणवल्याशिवाय राहत नाही.

मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणारे बरेचसे हात गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्यासाठी स्वरमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, ही त्यांतली मोठी नावे. मागच्या रांगांत बसणारे अनेकजण धोबीतलाव भागातल्या 'कुडां'मध्ये राहत. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत घेतलेली सामायिक खोली. गावातून आलेल्या माणसाने पेटी ठेवायची, पथारी टाकायची आणि काम मिळेपर्यंत तग धरायचा.

ही व्यवस्था आमच्या मालवण किनाऱ्याला नवीन नाही. देवबागचे उदाहरण घ्यावे. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला अरबी समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असे हे गाव. आज तारकर्लीच्या पर्यटनाचा ओघ तेथवर पोचला आहे. पण रापणीवर आणि माडावर सगळ्यांचे पोट भरत नसे, तेव्हा या पट्टीतून आणि आसपासच्या साऱ्या मुलखातून माणूस मुंबईला जाई. पणजीहून निघालेली बोट वेंगुर्ले, मालवण अशी बंदरे घेत मुंबईच्या धक्क्याला लागे. म्हणजे गोव्याचा वाजंत्री आणि मालवणचा चाकरमानी एकाच डेकवर बसून गेलेले असत. उतरल्यावर एक धोबीतलावच्या कुडात जाई, दुसरा लालबाग-परळच्या गावकरी खोलीत. मागे घरी बायका, म्हातारी आणि मनीऑर्डरीची वाट. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, तेव्हा त्या मनीऑर्डरी थांबल्या. तोवरच्या शंभर वर्षांत तुर्की गेजेकोंदूतल्या माणसाचे सगळे प्रश्न या माणसासमोर येऊन गेले होते. मग त्याचे गाणे कुठे आहे?

एक उत्तर गोव्याच्या बाजूने मिळते. मडगावचे ख्रिस पेरी (१९२८-२००२) हे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे वादक. मुंबईत चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस' या नाइटक्लबमध्ये त्यांचा बँड होता आणि त्यांच्यापुढे उभी राहून लोर्ना कोर्देरो ही तरुण गायिका इंग्रजी गाणी गात असे. सत्तरीच्या आसपास या दोघांच्या कोंकणी ध्वनिमुद्रिका निघाल्या. 'बेबदो', 'पिसो', 'नाचुंया कुंपासार' ही त्यांतली गाजलेली गाणी. आणि एक 'नशिबाक रडटां'. नावातच सारे आले. लोर्नाचा आवाज सुगम संगीताच्या कोणत्याही कसोटीला उतरणारा नाही. तो भरड आहे, दाणेदार आहे, दुःख झाकण्याऐवजी ते खांद्यावर घेऊन उभा राहतो. मागे पितळी वाद्ये जाझची आणि शब्द घरच्या अंगणातले. हा संकर कुणाच्याही शुद्धतेच्या कल्पनेत बसणारा नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या सासष्टीच्या उच्चभ्रू ख्रिस्ती घरांतून आलेला मांडो, तोही तितकाच उदास, गोव्याचा वारसा म्हणून मिरवला गेला. नाइटक्लबातल्या बाईच्या रडण्याला ती प्रतिष्ठा मिळायला बराच काळ जावा लागला.

मराठी संगीतेतिहासात तर हे नाव सापडायचे कारणच नव्हते. भाषा कोंकणी, लिपी रोमी, धर्म ख्रिस्ती, जागा नाइटक्लब. चारही दारे बंद. पण सिंधुदुर्गातल्या कानाला यातले एकही दार आडवे येत नाही. पणजी आकाशवाणी इकडे ऐकू येते. मालवण किनाऱ्यावर, देवबागेतही, देवळाइतकेच चर्चही गावचे आहे. 'नशिबाक' हे रूप तर मालवणीतही तसेच आहे. भाषांतर लागत नाही. मराठी की कोंकणी हा वाद विद्वानांनी घालावा, आणि तो भरपूर घातला गेला आहे. चतुर्थीचा 'क' मात्र तेरेखोल ओलांडताना थांबत नाही.

आणि तो 'नशीब' हा शब्द! मूळ अरबी. तुर्कीत तोच 'नासिप' होतो. अराबेस्कमध्ये सतत येणारा 'कादेर' हा आपल्या 'तकदीर'च्या मुळातून आलेला. 'गुर्बेत' म्हणजे घरापासून दूर असणे, परमुलखातली वस्ती. त्याच धातूचा 'गारीप', म्हणजे परका, एकटा, बापुडा. आणि तोच शब्द मराठीत 'गरीब'. अरबीत ज्याचा अर्थ परका, त्याचा आपल्याकडे अर्थ पैसा नसलेला. परमुलखात गेलेला माणूस आणि खिसा रिकामा असलेला माणूस हे एकच, असा निवाडा भाषेने करून ठेवला आहे. चाकरमान्याला तो मान्य व्हावा.

मराठीच्या बाजूने या प्रश्नाला दोन उत्तरे देता येतात. दोन्ही मोठी आहेत आणि दोन्हींत काहीतरी राहून गेले आहे. पहिले अण्णा भाऊ साठे यांचे. वाटेगावहून मुंबईत आलेल्या या शाहिराची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड म्हणजे शुद्ध गुर्बेत आहे. गावी सोडून आलेली बायको, मुंबईचे दिपवणे, जिवाची काहिली. मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात जन्मलेली ही रचना पुढे जाऊन विरहाला नकाशाशी जोडते. मैना म्हणजे तुटलेला सीमाभाग होतो. रूपक थोर आहे यात वाद नाही. पण या मराठी विरहाला व्यासपीठ मिळाले ते त्याला मागणीपत्रक जोडलेले असल्यामुळे, असेही म्हणता येईल. चळवळीला रडणारा कामगार चालतो, त्याने शेवटच्या कडव्यात मूठ वळली तर.

दुसरे उत्तर आमच्याच जिल्ह्यातले. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू (१९३०-१९७६), वेंगुर्ले परिसरातल्या बागलांच्या राईत जन्मले. 'जोगवा', 'दिवेलागण', 'नक्षत्रांचे देणे' या त्यांच्या संग्रहांतली उदासी मराठी कवितेत अद्वितीय आहे. हृदयनाथ मंगेशकर यांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या, आशा भोसले यांनी त्या गायल्या, आणि 'ये रे घना'सारखे गाणे घराघरांत गेले. हे दुःख आपण वर्गात शिकवतो. प्रतिमा उलगडतो, दुर्बोधतेची चर्चा करतो, उत्तरपत्रिकेत दहा गुण देतो. ते शिकवण्याच्या योग्यतेचे आहेच. पण खानोलकर आणि लोर्ना एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच काळातल्या दुःखाचे दोन आवाज आहेत. त्यांतला एक एम. ए. ला लागतो आणि दुसरा कुठेच लागत नाही. फरक दुःखाच्या खोलीचा आहे की प्रतिमेच्या सोवळ्याचा, हे विद्यार्थ्यांपुढे मांडण्याची सोय अभ्यासक्रमात नाही.

'सोवळ्या'ला सोडून थेट तक्रार करण्याची परंपरा आपल्यात नाही असे मात्र कुणी म्हणू नये. नामदेव विठ्ठलाशी भांडतात. जनाबाई त्याला शिव्या देते. आणि आमच्या मुलखात तर तक्रारीची एक राजमान्य संस्था आहे, 'गाऱ्हाणे'. जत्रा असो, लावणी असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, देवासमोर उभा राहून जाणता माणूस गाऱ्हाणे घालतो. काय अडले, काय बिघडले, कुणाची इडापिडा आड आली, सगळे एका सुरात सांगत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेली माणसे म्हणतात, 'होय महाराजा'. त्या गद्याला स्वतःची लय आहे, चढउतार आहेत. ते गाणे नाही, पण गाण्यापासून फार लांबही नाही.

आमच्या मते रडगाणे आणि गाऱ्हाणे यांतला भेद या 'होय महाराजा'मध्ये आहे. शब्द तेच असतील, तक्रार तीच असेल. जिथे हुंकार देणारे उभे असतात तिथे ते गाऱ्हाणे, जिथे नसतात तिथे रडगाणे. अराबेस्क ऐकणाऱ्यांना बाहेरून पाहणाऱ्या समीक्षकाला फक्त गाणाऱ्याचा आवाज येई. मिनिबसमधल्या वीस माणसांचा हुंकार त्याला ऐकू येत नसे. म्युस्ल्युम ग्युरसेस (१९५३-२०१३) यांचे चाहते त्यांना 'बाबा' म्हणत, आणि सभागृहात गाणे ऐकता ऐकता काहीजण ब्लेडने स्वतःच्या अंगावर चरे ओढून घेत. वृत्तपत्रांना हे किळसवाणे वाटले. ते तसे आहेही. तरीही हा प्रतिसाद आहे, आणि 'बाबा' हे संबोधन फकिराला, पिराला देण्याचे आहे. त्या सभागृहात नुसती करमणूक चालली नव्हती. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्या कॅसेटी चाळीच्या गॅलरीत वाजत, तेव्हा त्यांतला विठ्ठल असो वा भीम, ऐकणाऱ्याच्या मानेला अशीच डोल येई. तीही अभिरुचीच्या इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही.

तुर्की सरकारने अखेर १९८९ मध्ये एक अजब तोडगा काढला. संस्कृती मंत्रालयाने संगीताची परिषद बोलावली आणि 'वेदनारहित अराबेस्क' सादर केले. हाक्की बुलुत या गायकाकडून तसे एक गाणे करवून घेण्यात आले. चाल तीच, वाद्ये तीच, फक्त रडणे वजा. देशभर हसू झाले. वेदना काढल्यावर उरते काय, हे मिनिबसच्या ड्रायव्हरलाही ठाऊक होते. हसण्याआधी आपण आपले सुगम संगीत आठवावे, हे बरे. तिथे वेदना मुळीच वजा केली नव्हती, हे खरे. तिला फक्त भाड्याच्या खोलीतून उचलून चांदण्यात नेऊन बसवले होते.

प्रतिष्ठा पुढे दोन्हीकडे आली, आणि जवळपास एकाच मार्गाने. १९९० नंतर खाजगी वाहिन्या निघाल्या आणि तुर्की सरकारी बंदीला अर्थ उरला नाही. २००६ मध्ये ग्युरसेस यांनी मुरातहान मुंगान या नामवंत कवीबरोबर एक संग्रह काढला. त्यात पाश्चात्त्य गाण्यांच्या चालींवर तुर्की शब्द होते, आणि पूर्वी नाक मुरडणारे विद्यापीठीय तरुण तो ऐकू लागले. २०१८ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट आला. फेर्दी तायफुर २०२५ च्या जानेवारीत गेले तेव्हा शोक साऱ्या देशाने केला. इकडे लोर्ना जवळजवळ दोन दशके गाण्यापासून दूर राहिली. १९९५ च्या 'हॅलो लोर्ना'ने तिला परत आणले, आणि बार्द्रॉय बार्रेतो यांच्या 'नाचुंया कुंपासार' (२०१४) या चित्रपटाने मुंबईतले ते गोमंतकीय वादक, तो नाइटक्लब आणि ती गाणी पुन्हा पुढे आणली. त्याला उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तोवर कुडे ओस पडू लागली होती आणि गेजेकोंदूंच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या.

गिरणगावातल्या मालवणी खोल्यांत काय वाजत होते, याचा शोध घ्यायचा तर आता घाई करावी लागेल. तबकड्या थोड्या, कॅसेटी पुष्कळ, आणि बहुतेक जिथल्या तिथे, गावच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत. देवबागसारख्या गावात दोन्ही बाजूंनी खारा वारा येतो. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, वेटोळी एकमेकांना चिकटतात, आणि यंत्रात घातली की फीत तुटते. ती आधी सुकवून, हाताने उलगडून, एकदाच आणि सावकाश वाजवायची असते, आणि त्याच वेळी नोंदवून घ्यायची असते.